भाग नाही, त्याची जागा मोजा: जुन्या गाडीचे छोटे सुटे भाग बनवताना आणि वाटताना

जुनी गाडी पुन्हा उभी करताना इंजिन फारसं अडवत नाही. पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट कुठून ना कुठून मिळतात. अडवतं ते वीस ग्रॅमचं काहीतरी: खिडकीची काच वर-खाली करायच्या हँडलची मूठ, हीटरच्या दांडीचं टोक, दाराचं पॅनल धरून ठेवणारी क्लिप, वायर पत्र्यातून जाते तिथली रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट. कंपनीने ते बनवणं केव्हाच थांबवलेलं असतं आणि दुसऱ्या गाडीतून काढावं तर तिथलंही तसंच पिचलेलं निघतं. असे भाग आता घरच्या टेबलावर थ्री-डी प्रिंटरने छापून किंवा साच्यात ओतून बनवता येतात. पहिल्यांदा करणाऱ्यांनी कुठून सुरुवात करायची, ते क्रमाने सांगतो.

माझा पहिला भाग फसला होता, तिथूनच सुरुवात करू. हीटरच्या दांडीची मूठ फुटली होती. तुकडे जोडले, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं कॅलिपर) लावून अगदी मन लावून मापं घेतली आणि पीएलए प्लास्टिकमध्ये छापली. टेबलावर झकास दिसत होती. गाडीत बसवली तर सैल. दांडीची पट्टी २.९ मिमी जाड होती आणि माझ्या मुठीतली खाच ३.६ मिमी. फुटलेली मूठ चिरेपाशी फाकली होती आणि मी ते फाकलेलं मापच इमानदारीने उतरवलं होतं. तरी टेप गुंडाळून बसवली. उन्हात दोन दुपारी गेल्यावर ती मान टाकल्यासारखी खाली वाकली. एकाच मुठीत दोन धडे मिळाले: माप चुकीच्या वस्तूचं घेतलं आणि माल चुकीचा निवडला.

आधी ठरवा, काय बनवायचं नाही

ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट आणि पेट्रोलच्या लाइनमधला कोणताही भाग घरी बनवायचा नाही. छोटा दिसला तरी नाही. स्टीअरिंगच्या सांध्यातलं बुश (दांडी ज्यात फिरते ती बाही) जेमतेम बोटाएवढं असतं, पण ते चालत्या गाडीत तुटलं तर दुरुस्त करायला तुम्ही उरालच असं नाही.

‘पण मोठ्या कंपन्यासुद्धा आता भाग छापतातच की’, असं कोणीतरी म्हणतंच. छापतात, पण कसे ते पाहा. पोर्शेने ९५९ मॉडेलसाठी क्लच सोडवणारा रिलीज लिव्हर लेझरने धातूची भुकटी वितळवून बनवला. त्या गाड्या बनल्याच होत्या २९२, त्यामुळे जुन्या पद्धतीने साचे काढून ओतकाम करणं परवडणारं नव्हतं. बनवल्यावर त्यांनी त्या लिव्हरवर जवळपास तीन टनांचा भार टाकून पाहिला, आत कुठे पोकळी किंवा चीर आहे का हे स्कॅन करून तपासलं आणि मग गाडीत बसवून चालवला. एवढी तपासणी आपल्याकडे होत नसेल तर आपण मुठी, क्लिपा, झाकणं, ग्रोमेट आणि खिडकीच्या यंत्रणेतल्या बुशांपुरतंच थांबावं. ते काम काही कमी नाही.

दुसरी गोष्ट, बनवण्याआधी भागाच्या पाठीमागचा नंबर शोधा. आत कोरलेला असतो, ग्रीस पुसल्याशिवाय दिसत नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये स्विच आणि दिवे बऱ्याचदा लुकासचे, मीटर स्मिथ्सचे; या दोन कंपन्या अनेक गाडी कंपन्यांना भाग पुरवत. म्हणजे तुमच्या गाडीचा स्विच वेगळ्याच कंपनीच्या, वेगळ्याच नावाच्या गाडीतही असू शकतो आणि तिथे तो अजून मिळत असेल. नंबर शोधण्यात एक संध्याकाळ गेली तरी पुढचे तीन आठवडे वाचू शकतात.

मोजमाप: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हातातला जुना भाग म्हणजे कारखान्यातून निघालेला भाग नव्हे. पन्नास-साठ वर्षांत तो झिजला, आटला, फुगला, वाकला. जुनं प्लास्टिक आकसतं, रबर तेल पिऊन फुगतं, बुश एका बाजूने अंडाकृती होतं. म्हणून आधी त्याची जागा मोजा: तो ज्या भोकात बसतो ते भोक, ज्या दांडीवर चढतो ती दांडी, ज्या पत्र्याला धरतो त्या पत्र्याची जाडी. पत्रा आणि पोलाद फारसं खोटं बोलत नाहीत. मात्र रंगाचे थर खरवडून मग मोजा; तीनदा रंगवलेल्या पत्र्याची जाडी सहज अर्धा मिमी जास्त येते.

जुना भाग आकारासाठी ठेवा, मापासाठी नको. झिजलेलं बुश असेल तर त्याची न झिजलेली कड शोधा. बहुतेकदा कॉलरच्या खाली एक पट्टा मूळ मापाचा राहिलेला असतो. डावा-उजवा अशी जोडी असेल तर दोन्ही मोजा. दोघांत फरक आला, तर प्लास्टिकच्या बाबतीत मोठं माप आणि बुशाच्या भोकाच्या बाबतीत लहान माप मूळच्या जवळचं असण्याची शक्यता जास्त.

मग आकड्यांकडे नीट पाहा. ६.३५, ७.९४, ९.५३, १२.७ असे आकडे येत असतील तर ती गाडी इंचात काढलेली आहे: पाव, पाच-सोळांश, तीन-अष्टमांश, अर्धा इंच. अशा वेळी ७.९ मोजलं तर ते ७.९ नाही, ७.९४ समजायचं आणि उरलेल्याला झीज म्हणायचं. मूळ ड्राफ्ट्समनने कोणता आकडा लिहिला असेल याचा अंदाज बांधणं हा या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे.

सपाट भाग असेल, म्हणजे क्लिप, गॅस्केट, मीटरमागची पट्टी, तर कागद स्कॅन करायच्या साध्या स्कॅनरवर भाग आणि शेजारी पोलादी फूटपट्टी ठेवून स्कॅन करा. मोबाइलच्या फोटोत कडा आत-बाहेर झुकतात. स्कॅनर त्या मानाने खरा. फूटपट्टी दोन्ही दिशांना ठेवून एकेकदा स्कॅन करा, कारण काही स्कॅनर एका दिशेने किंचित ताणतात.

आटे: इथे भलेभले फसतात

स्क्रू किंवा नट लागणाऱ्या भागात आटे ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण मांडलं, त्यात कोन ५५ अंशांचा. नंतरच्या अमेरिकन युनिफाइड आणि मेट्रिक आट्यांचा कोन ६०. पाव इंचाच्या बोल्टवर व्हिटवर्थ कोनाच्या बारीक आट्यांत (बीएसएफ) इंचाला २६ आटे, युनिफाइडच्या बारीक आट्यांत (यूएनएफ) २८. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर दोन-तीन फेऱ्या चढतो, मग जाम होतो, आणि आपण पाना जोरात फिरवून दोन्हीचे आटे घालवून बसतो.

त्याहून वाईट त्रिकूट म्हणजे २ बीए (ब्रिटिश असोसिएशनचे छोटे आटे), १०-३२ यूएनएफ आणि मेट्रिक एम ५. जुन्या ब्रिटिश विजेच्या सामानात आणि मीटरमध्ये बीए आटे भरपूर सापडतात. २ बीएचा व्यास ४.७ मिमी, दोन आट्यांमधलं अंतर ०.८१. १०-३२ चा व्यास ४.८३, अंतर ०.७९. एम ५ चा व्यास ५, अंतर ०.८. आट्यांची गेज (दातेरी मापपट्टी) लावली तर तिन्ही ‘बसल्यासारखे’ वाटतात. पण बीएचा कोन ४७.५ अंश आहे, म्हणजे आटा जास्त टोकदार. गेज आणि स्क्रू एकत्र धरून मागून दिवा लावा आणि किमान आठ-दहा आट्यांवरून पाहा. फटीतून प्रकाश दिसला की ते गेज तुमचं नाही.

आणि बोल्टच्या डोक्यावर कधीच विश्वास ठेवू नका. एमजीच्या टी मालिकेतल्या एक्सपीएजी इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची. कारण त्या इंजिन कारखान्याची जुनी यंत्रं फ्रेंच मुळाची होती आणि मेकॅनिकांकडचे पाने मात्र इंग्लिश. अशा बोल्टवर आटा न मोजता बनवलेला नट म्हणजे कचऱ्याच्या डब्यात जाणारा नट.

प्लास्टिकच्या भागात आटे थेट छापू नका. भोक थोडं मोठं ठेवा आणि गरम करून बसवायची पितळी बाही घाला, किंवा षट्कोनी खाच ठेवून त्यात खरा नट अडकवा.

चित्र आणि पहिला नमुना

संगणकावर भाग काढताना कोणतंही मोफत सॉफ्टवेअर चालेल, फक्त मापं बदलली की आकार आपोआप बदलेल असं असावं. पट्टीची जाडी, भोकाचा व्यास, कॉलरची उंची ही मापं नावं देऊन वेगळी ठेवा. का, ते चौथ्या नमुन्याला कळेल.

छापलेलं भोक जवळपास नेहमीच काढलेल्या मापापेक्षा लहान येतं. किती, ते प्रत्येक यंत्राचं वेगळं. म्हणून आधी एक पट्टी छापा, तिच्यावर ५.८ पासून ६.६ पर्यंत ०.१ च्या फरकाने भोकं. खऱ्या दांडीवर एकेक चढवून पाहा. कोणतं सरकतं, कोणतं दाबून बसतं, ते पट्टीवरच लिहा आणि पट्टी यंत्राशेजारी टांगून ठेवा. माझी चार वर्षं जुनी आहे, तेलाने काळी झालीय, रोज लागते.

पूर्ण भाग छापायच्या आधी फक्त बसणारा तुकडा छापा. मुठीचं सगळं शरीर कशाला, खाचेचा दहा मिमीचा काप पुरे. क्लिपचं फक्त टोक पुरे. पुठ्ठ्याने भागत असेल तर पुठ्ठाच कापा.

क्लिप आणि हुक कोणत्या दिशेने छापता हेही महत्त्वाचं. छापलेला भाग थरांच्या सांध्यावर सोलला जातो, लाकूड रेषेवर चिरतं तसा. क्लिपचा पाय वाकतो त्या दिशेला थर आडवे येत असतील तर पहिल्याच दाबाला पाय हातात येईल. क्लिप आडवी निजवून छापा. मजबुतीसाठी आतली जाळी दाट करण्यापेक्षा बाहेरच्या भिंती वाढवा.

माल कोणता

पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात त्याच्या पुढे जातो. नमुन्यासाठी उत्तम, गाडीत ठेवायला नालायक. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० च्या आसपास टिकतं. दाराच्या आत, सीटखाली चालतं. डॅशबोर्ड आणि उन्हातल्या भागांसाठी एएसए प्लास्टिक घ्या: १०० च्या आसपास टिकतं आणि उन्हाने ठिसूळ होत नाही. एबीएस उष्णतेला तेवढंच चांगलं, पण उघड्या उन्हात पिवळं पडून चिरतं. रंग देणार असाल तर हरकत नाही. या दोन्हींचा वास आणि धूर घरात घेऊ नका, यंत्राला पेटी करा आणि हवा बाहेर सोडा.

नायलॉन खिडकीच्या यंत्रणेतल्या दात्यांना आणि घासणाऱ्या भागांना छान, पण ते हवेतलं पाणी पिऊन फुगतं. छापण्याआधी वाळवा, नाहीतर पृष्ठभाग बुडबुड्यांनी खरबरीत येतो. आणि बुश घट्ट मापाचं करू नका; पावसाळी हवेत ते दांडीला धरून बसेल. बुशासाठी लेथ हाताशी असेल तर ॲसिटाल या कडक प्लास्टिकची कांडी घ्या. पाणी फारसं पीत नाही, सुरीने लोणी कापावं तसं कापलं जातं आणि माप धरून राहतं. साध्या गोल बुशासाठी छपाईच्या नादी लागूच नये, असं माझं मत आहे.

रबरात नावाने फसू नका. दार-खिडकीच्या पट्टीला ईपीडीएम रबर, कारण ऊन-वारा सोसतं. पण पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागलं की फुगतं. नायट्राइल रबर त्याच्या उलट: तेल-पेट्रोल सोसतं, उन्हात मात्र तडकतं. छापण्यासाठी मिळणारं मऊ टीपीयू कठीणपणाच्या शोअर ए मोजपट्टीवर बहुधा ९५ असतं आणि साधं ग्रोमेट ५०-६० चं. बोटाला दोन्ही ‘रबर’ वाटतात, पण टीपीयूचं ग्रोमेट भोकात शिरताना पत्र्याचा रंग खरवडतं. मऊ भाग हवा असेल तर छापू नका, ओता.

साच्यात ओतणं

एकाच मुठीचे दहा नग हवे असतील किंवा पृष्ठभाग चकचकीत हवा असेल तर एक चांगला नमुना छापा, घासून गुळगुळीत करा, त्यावरून सिलिकॉनचा साचा घ्या आणि दोन द्रव मिसळून घट्ट होणारं पॉलियुरेथेन ओता. घासायला कंटाळू नका. सिलिकॉन बोटाचा ठसासुद्धा उतरवतो, तर थरांच्या रेषा कशा सोडेल? फिलर प्रायमर मारा, ओल्या पॉलिश पेपरने ४०० पासून १००० पर्यंत जा.

इथला सापळा वेगळा आहे. प्लॅटिनमने सेट होणारा सिलिकॉन गंधकाला घाबरतो. जुनं रबर गंधकानेच व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे पक्कं केलेलं असतं, काही शिल्पकामाच्या मातीतही गंधक असतं, आणि उजेडाने पुरती कडक न झालेली रेझिनची छपाईही हाच त्रास देते. जुन्या रबरी भागावर थेट साचा ओतला तर बाहेरून सेट झालेला दिसतो आणि भागाला लागून चिकट, मधासारखा राहतो. साचाही गेला आणि कधीकधी एकुलता एक जुना भागही गेला. म्हणून भागाच्या लपलेल्या कोपऱ्यावर आधी थेंबभर लावून रात्रभर ठेवा. सकाळी चिकट राहिला तर टिनने सेट होणारा सिलिकॉन वापरा. त्याचा साचा कालांतराने आकसतो, पण दहा-वीस नग निघतात.

पॉलियुरेथेनचे दोन भाग वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नको. कप, काठी, साचा सगळं कोरडं हवं, कारण ओलाव्याने फेस येतो. त्यातल्या आयसोसायनेटची वाफ छातीला वाईट. हातमोजे, योग्य फिल्टर असलेला मास्क आणि उघडी खिडकी यावर वाद नको.

धातूचा भाग हवा असेल तर प्लास्टिकचा नमुना छापून फाउंड्रीत द्या. ॲल्युमिनियम थंड होताना सुमारे १.३ टक्के आकसतं, म्हणजे १०० मिमीला १.३ मिमी, नमुना तेवढा मोठा हवा आणि जिथे लेथ लागणार तिथे वर आणखी जाडी. अमेरिकन विनोदवीर आणि गाड्यांचा संग्राहक जे लेनो याच्या गॅरेजमध्ये १९०७ च्या व्हाइट स्टीमर या वाफेच्या गाडीच्या फीडवॉटर हीटरसाठी (बॉयलरचं पाणी आधी तापवणारा भाग) हाच मार्ग धरला होता: झिरपणारा जुना भाग स्कॅन केला, प्लास्टिकमध्ये छापला, त्यावरून ओतकाम. जुने दाराचे हँडल जस्ताच्या मिश्रधातूचे असतील आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तडकले असतील तर ते जोडायचा प्रयत्न सोडा. जस्तात शिसं मिसळलेलं राहिलं की धातू आतून कणाकणाने सुटतो. त्यावर वेल्डिंग, चिकटवण काहीच धरत नाही. असा भाग आकार पाहायला ठेवा. मापाला ठेवू नका, कारण तो सुजलेलाही असतो.

जुने ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. नमुना म्हणून ते घासायला, कापायला घेऊ नका.

वाटताना

भाग बसला, महिनाभर टिकला, मगच दुसऱ्याला द्या. महिनाभर म्हणजे ऊन, पाऊस, खड्डे आणि दार आपटणारा एखादा पाहुणा, असं सगळं.

फाइल देताना नुसती एसटीएल (छपाईसाठीची, फक्त आकार असलेली फाइल) देऊ नका. एसटीएलमध्ये एकक नसतं. इंचात काढलेला भाग समोरच्याकडे मिमीमध्ये उघडला की २५.४ पट लहान होतो आणि मग ‘तुमची फाइल खराब आहे’ असा निरोप येतो. सोबत स्टेप फाइल द्या, ती डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून मापं बदलता येतात, आणि एक साधं चित्र द्या ज्यावर निदान तीन मापं लिहिलेली आहेत. समोरच्याने छापल्यावर तीच तीन मोजावीत.

चिठ्ठीत हे लिहा: गाडीचं मॉडेल आणि वर्ष, डावी बाजू की उजवी, मूळ भागाचा नंबर, माप कशावरून घेतलं, कोणता माल, कोणत्या दिशेने छापला आणि आधीचे नमुने का फसले. शेवटचं लिहायला लाज वाटते, पण वाचणाऱ्याला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग. ‘तिसरा नमुना हिवाळ्यात पायापाशी तुटला, भिंत १.२ वरून १.८ केली’ या एका ओळीने पुढच्याचे तीन नमुने वाचतात. वापराच्या अटीही लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (फुकट वाटलेल्या कामासाठीचा तयार) परवाना जोडलात तर कोणी विकायचं की नाही, बदलून पुन्हा वाटायचं की नाही, यावर नंतर भांडण होत नाही. कंपनीचं बोधचिन्ह मात्र भागावर कोरून वाटू नका. ते चिन्ह तुमचं नाही, आणि नकली भाग मूळ म्हणून विकणाऱ्याला तुम्ही आयतं हत्यार देता.

त्याऐवजी प्रत्येक भागाच्या लपणाऱ्या बाजूला आवृत्ती आणि वर्ष कोरा. अर्धा मिमी खोल पुरतं. तीन वर्षांनी कोणी तुटलेल्या क्लिपचा फोटो पाठवून ‘हे तुमचंच ना?’ विचारलं, तर आवृत्ती तीन की पाच ते लगेच कळतं.

आणि तुमचा मूळ तुटका भाग फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आत चिठ्ठी टाका: कोणत्या गाडीचा, कुठल्या बाजूचा, कधी निघाला. माझ्याकडे त्या हीटरच्या मुठीचे दोन तुकडे अजून आहेत. मागच्या वर्षी दुसऱ्या एकाने तीच मूठ करायला घेतली आणि खाचेच्या टोकाला एक बारीक उंचवटा होता का, असं विचारलं. माझ्या चित्रात नव्हता. पिशवी उघडून भिंगातून पाहिलं, तर होता.